‘लफेव्र’मधला गप्प ‘बी’: एका फ्रेंच आडनावाचं मूळ आणि ते लावणारी माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहरांच्या अभ्यासात ज्यांचं नाव सारखं येतं त्या आंरी लफेव्र यांच्या आडनावात (स्पेलिंग एल-ई-एफ-ई-बी-व्ही-आर-ई) ‘बी’ लिहितात पण उच्चारत नाहीत, ते का? लफेव्र, फाब्र, फोर, फाव्र ही आडनावं एकाच घराण्याची का? आणि अशा आडनावाचा माग काढायचा तर हात कुठे घालायचा?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच होतो. शब्द एक आहे, घराणं एक नाही. ही सगळी आडनावं लॅटिनमधल्या ‘फाबेर’ या शब्दापासून आली. फाबेर म्हणजे कठीण वस्तूवर काम करणारा कारागीर. आपल्याकडे ‘कारू’ म्हणत तसा. लोखंडावर काम करणारा तो ‘फाबेर फेरारियुस’, लाकडावर करणारा ‘फाबेर लिग्नारियुस’. लॅटिन बायबलमध्ये येशूला ‘फाबेरचा मुलगा’ म्हटलंय, तिथे अर्थ सुतार असा घेतात. पुढे गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, बोलींमध्ये शब्द आकसला आणि नुसता ‘फाबेर’ म्हटलं की लोहारच, असं झालं. एमआयडीसीतल्या शेडवर किंवा तालुक्याच्या गावी ग्रिल-शटर करणाऱ्याच्या पाटीवर ‘फॅब्रिकेशन’ लिहिलेलं असतं, तो शब्द याच फाबेरचा नातू. अर्थानेही तो मूळ धंद्याच्या फार जवळ राहिलाय.

जुन्या फ्रेंचमध्ये फाबेरचा ‘फेव्र’ झाला. त्याला ‘ल’ हे उपपद लागलं की ‘ल फेव्र’, म्हणजे ‘तो लोहार’. आज फ्रेंच माणसाला विचाराल तर लोहाराला तो ‘फोर्ज्‌रों’ म्हणेल. फेव्र हा शब्द बोलण्यातून गेला. (गंमत अशी की ‘फोर्ज्‌रों’ ज्यावरून आला तो ‘फोर्ज’, म्हणजे भट्टी, तोही लॅटिन ‘फाब्रिका’पासूनच आलेला.) एका ठिकाणी मात्र फेव्र जिवंत आहे: ‘ऑर्फेव्र’, सोन्याचा फेव्र, म्हणजे सोनार. पॅरिस पोलिसांच्या जुन्या मुख्यालयामुळे प्रसिद्ध झालेला ‘के दे-झॉर्फेव्र’ म्हणजे नदीकाठची सोनारआळीच.

लोहारावरून पडलेलं आडनाव इतकं पसरलं कसं? लोहार भरमसाट होते म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण उलट आहे. शेतकरी गावात शंभर, तेव्हा ‘शेतकरी जाँ’ म्हणून कोण ओळखणार? लोहार मात्र गावात एखादाच. नांगराचा फाळ, कोयता, दाराची कडी, चाकाची धाव, सगळं त्याच्याकडून. ‘लोहाराचा जाँ’ म्हटलं की दुसरा कुणी डोळ्यांपुढे येतच नाही. अकराव्या-बाराव्या शतकापासून एकेका नावाची माणसं वाढली तशी ओळखीसाठी टोपणनावं लागत गेली, आणि गावोगावच्या एकट्या लोहाराला हेच टोपणनाव लागलं. म्हणून हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं. ‘आम्ही सगळे लफेव्र एकाच मूळपुरुषाचे’ असं कुणी सांगितलं तर ते सोडून द्या. आज लफेव्र हे फ्रान्समधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत आहे.

आपल्या ‘लोहार’शी तुलना इथपर्यंतच चालते. बलुतेदारीत आडनाव, जात आणि धंदा बराच काळ एकत्र राहिले. फ्रान्समध्ये टोपणनाव वंशपरंपरेने पुढे गेलं, धंदा गेलाच असं नाही. तेराव्या-चौदाव्या शतकानंतरच्या कागदात ‘लफेव्र’ दिसला म्हणून तो माणूस लोहार होता असं धरू नका. धंदा वेगळा लिहिलेला असतो, तो बघा.

आता उच्चारभेद. लॅटिन ‘फाब्रुम’ या रूपातला जोराचा ‘आ’ उत्तर फ्रान्समध्ये ‘ए’ झाला आणि स्वर आणि ‘र’ यांच्या कचाट्यातला ‘ब’ मऊ होऊन ‘व’ झाला. ‘काप्रा’ची ‘शेव्र’ (शेळी) झाली, ‘लाब्रा’चे ‘लेव्र’ (ओठ) झाले, तसाच ‘फाब्रुम’चा ‘फेव्र’. दक्षिणेत ऑक्सितान बोलीत ‘आ’ टिकला. लांगदॉकमध्ये ‘ब’ही टिकला आणि ‘फाब्र’ झालं. लिमूझँ, ओव्हेर्न्य, दोफिने या भागांत ‘ब’ विरघळून स्वर झाला: स्पेलिंग एफ-ए-यू-आर-ई, आजचा फ्रेंच उच्चार ‘फोर’. आल्प्सच्या बाजूला, लियाँ, साव्वा आणि जिनिव्हाच्या पट्ट्यात ‘आ’ राहिला पण ‘ब’चा ‘व’ झाला: ‘फाव्र’. फ्रांश-कोंतेत ए-आय घालून लिहिलेलं ‘फेव्र’, बर्गंडीत उपपद नसलेलं ‘फेव्र’, लॉरेनच्या बाजूला तेच पण बी-व्ही घालून. पश्चिमेला नांत आणि मेनच्या पट्ट्यात ‘लफव्र’, ज्यात ई-यू आणि व्ही दोन्ही येतात. गास्कोन्य भागात शब्दारंभीचा ‘फ’ जाऊन ‘ह’ होतो (स्पॅनिशमध्ये ‘फेरेरो’चं ‘एरेरो’ झालं तसा), म्हणून तिथला लोहार एच-ए-यू-आर-ई, उच्चार ‘ओर’. ब्रिटनीत भाषाच वेगळी, तिथे ‘ल गॉफ’. आल्सासमध्ये ‘श्मिट’.

याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. एखाद्याचं आडनाव कोणत्या रूपात आहे यावरून ते घराणं मुळात कोणत्या बोलीच्या पट्ट्यातलं याचा अंदाज बांधता येतो. बी-व्हीवालं लफेव्र दाट सापडतं ते नोर, पा-द-काले, सोम आणि सेन-मारितीम या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत. मात्र हा फक्त अंदाज असतो. माणसं हलतात आणि आडनाव बरोबर नेतात.

आता तो ‘बी’. यासाठी जुनं हस्ताक्षर डोळ्यांपुढे आणावं लागेल. सतराव्या शतकापर्यंत लिहिणाऱ्यांच्या लेखी यू आणि व्ही ही दोन अक्षरं नव्हती, एकाच अक्षराची दोन वळणं होती. टोकदार व्ही शब्दाच्या सुरुवातीला, गोल यू मध्ये, मग उच्चार काहीही असो. म्हणून ‘एक’ या अर्थाचा यू-एन हा शब्द ते व्ही-एन लिहीत आणि ‘अव्वार’ (असणे) हा शब्द ए-यू-ओ-आय-आर. या पद्धतीने फेव्र लिहिला की कागदावर उतरतं एफ-ई-यू-आर-ई. वाचणाऱ्याला कळणार कसं की मधलं अक्षर ‘व’ आहे, ‘उ’ नाही?

लेखनिकांनी तोड काढली: आधी एक मुका बी टाकायचा. बी पाठोपाठ तसलं गोल अक्षर आलं की ते व्यंजन म्हणून वाचायचं, हा संकेत. शिवाय बी टाकल्याने लॅटिन ‘फाबेर’ची आठवणही राहते, आणि लेखनिकाला आपलं लॅटिन मिरवता येतं. तेव्हाच्या कारकुनांना या दुसऱ्या कारणाचा मोह कमी नव्हता. फेब्रुवारीला फ्रेंचमध्ये ‘फेव्रिये’ म्हणतात. जुन्या कागदांत त्यातही हाच बी घातलेला दिसतो. ‘दव्वार’ (कर्तव्य) या शब्दातही. पुढे छापखान्यांनी यू आणि व्ही वेगळे केले, मुक्या बीचं काम संपलं. सामान्य शब्दांतून तो गळाला. फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या १७४० च्या आवृत्तीने अशी बरीच मुकी अक्षरं काढून टाकली. पण आडनावं शब्दकोशात नसतात. ज्या घराण्याने स्पेलिंग सुधारलं त्यांचं आडनाव बी गाळून आणि ई वर उलटी रेघ देऊन लिहिलं जातं. ज्यांनी सुधारलं नाही त्यांच्याकडे बी राहिला. उच्चार दोघांचा एकच: लफेव्र. पहिला ‘ल’ अगदी आखूड, ‘लवकर’मधल्यासारखा, शेवटचा ‘र’ घशातला आणि भरभर बोलताना ऐकूही न येणारा. ‘लेफेब्व्रे’ असा उच्चार वर्गात हमखास ऐकू येतो, तो टाळा.

या संकेताचा विसर पडल्यावर एक नवंच आडनाव जन्माला आलं. जुन्या कागदात बी-नंतरचं गोल अक्षर यू दिसतं. संकेत माहीत नसलेल्याने ते यू म्हणूनच वाचलं आणि ‘लफेब्यूर’ तयार झालं. काही घराण्यांनी हा उच्चार उचलला आणि ई वर रेघ देऊन पक्का केला. पॅरिसच्या मादलेन आणि सँ-स्युल्पीस या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एकोणिसाव्या शतकातला संगीतकार लफेब्यूर-वेली (१८१७–१८६९) याचं आडनाव याच वाचनातून आलेलं. चुकीचं म्हणून ते दुरुस्त करायला जाऊ नका. ते आता त्यांचं खरं आडनाव आहे.

हे आडनाव लावणाऱ्या माणसांकडे वळू. नकाशा हातात ठेवून बघितलं तर यादीला अर्थ येतो.

उत्तरेतला सगळ्यात जुना प्रसिद्ध लफेव्र म्हणजे झाक लफेव्र देताप्ल. पंधराव्या शतकाच्या मध्याला पिकार्दीच्या किनाऱ्यावरच्या एताप्ल गावी जन्म, १५३६ मध्ये मृत्यू. त्याने नवा करार फ्रेंचमध्ये आणला (१५२३), संपूर्ण फ्रेंच बायबल १५३० मध्ये अँटवर्पला छापून निघालं. नावातला ‘द’ पाहून त्याला सरदार समजू नका, तो फक्त गाव सांगतो. लॅटिन ग्रंथांवर त्याचं नाव ‘याकोबुस फाबेर स्तापुलेन्सिस’ आहे, आणि ग्रंथालयाच्या यादीत तो अनेकदा एफ-खाली सापडतो.

फ्रेंच क्रांतीचा इतिहासकार जॉर्ज लफेव्र लीलचा (१८७४–१९५९). १७८९ च्या उन्हाळ्यात खेडोपाडी पसरलेल्या अफवा आणि घबराट यांवरचा त्याचा अभ्यास आजही वाचला जातो. व्हॅटिकनशी फारकत घेणारे आर्चबिशप मार्सेल लफेव्र (१९०५–१९९१) लीलजवळच्या तुर्क्वँचे. दोघंही बी-व्हीवाले आणि दोघंही नोर जिल्ह्यातले, म्हणजे नकाशाप्रमाणे जिथे असायला हवेत तिथलेच.

नकाशा मोडणारे दोघं पाहा. नेपोलियनचा मार्शल फ्रांस्वा-झोझेफ लफेव्र १७५५ मध्ये आल्सासमधल्या रुफाकला जन्मला. आल्सास जर्मन बोलीचा मुलूख, तिथला लोहार श्मिट व्हायचा; म्हणजे हे आडनाव तिथे बाहेरून आलेलं. १८०७ च्या डांझिगच्या वेढ्याबद्दल त्याला डांझिगचा ड्यूक केलं. त्याची बायको कातरीन ह्युब्शेर पूर्वी धोबीण होती, दरबारात तिच्या मोकळ्या बोलण्यावरून तिला पुढे ‘मादाम सां-जेन’, म्हणजे भीडभाड नसलेल्या बाई, असं नाव पडलं. या मार्शलच्या बाबतीत एक योगायोग आहे: ‘मारेशाल’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ सेनापती तसाच नालबंदही. घोड्यांची देखभाल करणाऱ्या नोकराला म्हणत तो शब्द एकीकडे नाल ठोकणाऱ्यापाशी थांबला आणि दुसरीकडे सैन्यात वर चढत गेला. ‘मारेशाल लफेव्र’ म्हणजे शब्दशः नालबंद लोहार.

दुसरे प्रश्नातलेच आंरी लफेव्र (१९०१–१९९१). जन्म दूर नैर्ऋत्येला, लांद जिल्ह्यातल्या आजेत्मो इथला. तिथल्या बोलीतला लोहार ‘ओर’, तरीही आडनाव उत्तरेकडचं. ‘शहरावरचा हक्क’ ही त्यांची १९६८ ची मांडणी मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या आणि सार्वजनिक जागांच्या चर्चेत मराठीतही वापरली जाते. जॉर्ज आणि आंरी यांचं नातं नाही. तळटीपेत नुसतं ‘लफेव्र’ दिसलं तर विषय पाहून ठरवा: शेतकरी आणि १७८९ असेल तर जॉर्ज, अवकाश आणि रोजचं जगणं असेल तर आंरी.

तिसरा घोळ ल्युसियँ फेव्र यांच्यामुळे होतो (१८७८–१९५६). जन्म नान्सीचा, घराणं फ्रांश-कोंतेतलं. आडनावात ‘ल’ नाही पण बी आहे. १९२९ मध्ये मार्क ब्लॉक यांच्यासोबत त्यांनी ‘आनाल’ हे इतिहासाचं नियतकालिक काढलं. जॉर्ज लफेव्रही त्या सुमाराला स्त्रासबूर विद्यापीठातच शिकवत होते. एका विद्यापीठात एकाच वेळी दोन लोहार इतिहासकार असल्यावर तळटिपा चुकणारच.

दक्षिणेतले फाब्र. कीटकांचा महान निरीक्षक झाँ-आंरी फाब्र १८२३ मध्ये आव्हेरोंमधल्या सँ-लेओंला जन्मला आणि १९१५ मध्ये सेरिन्याँला वारला. आव्हेरों हा फाब्रांचा बालेकिल्लाच. कारकासोनचा फाब्र देग्लांतीन (१७५०–१७९४) नट आणि नाटककार. क्रांतीच्या पंचांगातल्या महिन्यांना ब्र्युमेर, थर्मिदोर अशी नावं त्याने दिली. ‘देग्लांतीन’ हा जोड त्याने स्वतःच लावून घेतलेला, तूलूझच्या काव्यस्पर्धेत रानगुलाबाचं बक्षीस मिळाल्याचं सांगून. कातालोनियातलं याच शब्दाचं रूप ‘फाब्रा’. कातालान भाषेचं शुद्धलेखन आणि व्याकरण बसवणारे पोंपेउ फाब्रा (१८६८–१९४८) त्या आडनावाचे.

फोर म्हटलं की राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर (कारकीर्द १८९५–१८९९), ज्यांना उद्देशून ड्रेफस प्रकरणातलं एमिल झोलाचं जाहीर पत्र १३ जानेवारी १८९८ ला छापलं गेलं. बेझिएचे एदगार फोर दोनदा पंतप्रधान झाले. संगीतकार गाब्रिएल फोरे (१८४५–१९२४) आरिएजमधल्या पामियेचा. त्याच्या शेवटच्या ई वर रेघ आहे म्हणून ‘फोरे’. ऑक्सितान बोलीत शब्दाचा शेवटचा स्वर ऐकू येतो, ती रेघ तेवढी खूण जपते. फोर आणि फोरे ही आडनावं कागदोपत्री वेगळी, मूळ शब्द एकच.

फाव्रांची ओळ आल्प्समधली. जिनिव्हाजवळचा लुई फाव्र १५ किलोमीटरचा गॉटहार्ड रेल्वेबोगदा खणणारा कंत्राटदार. १९ जुलै १८७९ ला बोगद्यातच त्याला मरण आलं, आरपार भोक पडलं ते १८८० मध्ये आणि गाड्या सुरू झाल्या १८८२ मध्ये. लियाँचे झ्यूल फाव्र १८७१ च्या शस्त्रसंधीत बिस्मार्कसमोर बसलेले परराष्ट्रमंत्री. आणि क्लोद फाव्र द वोज्‌ला (१५८५–१६५०), साव्वाच्या न्यायाधीशाचा मुलगा. याने १६४७ मध्ये चांगली फ्रेंच कशी बोलावी याचे निरीक्षणवजा नियम छापले आणि पुढच्या पिढ्यांनी ते प्रमाण मानले. पॅरिसच्या शिष्टांना भाषा शिकवणाऱ्याचं स्वतःचं आडनाव मात्र साव्वाच्या बोलीतलं.

याच साव्वातल्या व्हिलारे गावचा पियेर फाव्र (१५०६–१५४६) आणि त्याच्यापाशी गोव्याचा खरा धागा आहे. पॅरिसच्या सँत-बार्ब कॉलेजात त्याच्या खोलीतला सोबती होता फ्रान्सिस झेवियर, जो ६ मे १५४२ ला गोव्याला उतरला आणि ज्याचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे. १५ ऑगस्ट १५३४ ला मोंमार्त्रला ज्या सात जणांनी एकत्र शपथ घेतली, त्यांत धर्मगुरूची दीक्षा घेतलेला फक्त फाव्र होता. त्यातून पुढे उभ्या राहिलेल्या येशूसंघाच्या (जेझुइटांच्या) इतिहासात हाच माणूस इंग्रजीत ‘पीटर फेबर’, पोर्तुगीजमध्ये ‘पेद्रु फाब्रु’ आणि लॅटिनमध्ये ‘पेत्रुस फाबेर’ म्हणून येतो. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केल्यावर त्याला जर्मन समजणारे बरेच निघाले. लॅटिन कागदात ‘फाबेर’ दिसलं तर तो लफेव्र, फाब्र, फाव्र, जर्मन श्मिट, यांपैकी कुणीही असू शकतो. लॅटिनवरून आडनावाचं फ्रेंच रूप कधीही ठरवू नका. त्याच माणसाचा स्थानिक भाषेतला कागद शोधा.

आता शोध घेण्याची पद्धत. आजच्या माणसाकडून मागे जायचं, प्रसिद्ध माणसाकडून पुढे नाही. झाक लफेव्रपासून खाली उतरत येणारी वंशावळ जवळजवळ नक्की बनावट असते.

पहिलं काम, आडनाव कुठे दाट आहे ते बघा. फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेची, इन्सेची, आडनावांची फाइल आहे. त्यात १८९१ पासून जन्मलेल्यांची जिल्हावार, कालखंडवार मोजणी मिळते. सर्वांत जुना कालखंड, १८९१ ते १९१५, घ्या. नंतरचे आकडे पॅरिसकडच्या स्थलांतराने बिघडलेले असतात. स्पेलिंगचे सगळे पर्याय टाकून बघा.

मग जिल्हा अभिलेखागार. नागरी नोंदणी २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने सुरू झाली. त्याआधीची चर्चची दप्तरं. १५३९ च्या व्हिले-कोत्रे फर्मानाने बाप्तिस्म्याची वही सक्तीची केली, १५७९ च्या ब्लवाच्या फर्मानाने लग्न-मृत्यूही आले, १६६७ पासून दुसरी प्रत न्यायालयात ठेवायची ठरली. एक प्रत वाळवीने खाल्लेली असेल तर दुसरी मागा. जन्म आणि लग्नाच्या नोंदी ७५ वर्षांनी खुल्या होतात, मृत्यूच्या नोंदींना अशी मुदत नाही. जवळपास सगळ्या जिल्ह्यांनी वह्यांची पानं फुकट ऑनलाइन टाकली आहेत.

वही थेट उलटत बसू नका. दर दहा वर्षांची वर्णानुक्रमी सूची असते, ती आधी बघा. आणि इथेच लफेव्र हरवतो. सूची करणाऱ्याने ‘ल फेव्र’ तोडून लिहिलं असेल तर तो एफ-खाली असतो, जोडून लिहिलं असेल तर एल-खाली. एकाच गावात दोन दशकांत दोन पद्धती सापडतात. दोन्ही अक्षरं बघितल्याशिवाय ‘नोंद नाही’ असं म्हणू नका. तोडून लिहिणं हे मोठेपणाचं लक्षणही नाही, ते फक्त कारकुनाच्या हाताचं वळण.

बायका शोधताना माहेरचं आडनाव घ्या. फ्रान्समध्ये लग्नानंतरही सरकारी कागदात जन्माचंच आडनाव चालतं, त्यामुळे मृत्यूची नोंदही त्याखालीच असते. आपल्याकडच्या सवयीने सासरच्या आडनावाखाली शोधणाऱ्याला काही सापडत नाही.

१७९३ च्या अखेरीपासून १८०५ अखेरपर्यंतच्या नोंदींत तारखा क्रांतीच्या पंचांगातल्या असतात, म्हणजे लफेव्रांच्या पणज्यांचे जन्म फाब्रने नाव दिलेल्या महिन्यांत नोंदलेले. महिना तीस दिवसांचा आणि वर्ष २२ सप्टेंबरच्या आसपास सुरू होणारं. रूपांतराची तयार कोष्टकं वापरा, डोक्यात हिशेब केला की एखाद्या दिवसाची चूक होते. जन्मनोंदीच्या समासातली टीपही सोडू नका: १८९७ पासून लग्न आणि १९४५ पासून मृत्यू तिथे चढवलेले असतात, पुढचा दुवा आयता मिळतो.

हस्ताक्षर वाचताना त्याच पानावर फेब्रुवारीची नोंद शोधा. त्या महिन्याच्या नावात हा लेखनिक बी आणि व्ही कसे काढतो ते बघितलं की आडनावातलं अक्षर यू आहे की व्ही ते ठरवता येतं. सगळ्यात अवघड जागा आहे दोफिने आणि विव्हारे भागात, जिथे ‘फोर’ आणि ‘फाव्र’ शेजारी नांदतात आणि जुन्या लेखनात दोन्ही एफ-ए-यू-आर-ई असेच दिसतात. तिथे डोळ्यावर भिस्त ठेवू नका. त्याच घराण्याची १७०० नंतरची नोंद काढा, जिथे दोन अक्षरं वेगळी झालेली असतात, आणि तिथून मागे या. सही असेल तर ती बघाच: पाद्री एक स्पेलिंग लिहितो आणि खाली माणूस स्वतः वेगळ्याच स्पेलिंगने सही करतो. सख्ख्या भावांच्या सह्याही वेगळ्या निघतात, म्हणून स्पेलिंग वेगळं एवढ्यावरून नातं नाकारू नका. २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतल्यापेक्षा वेगळं नाव लावायला बंदी केली, तरी स्पेलिंग खऱ्या अर्थाने गोठलं ते १८७७ नंतर कुटुंबाला नोंदवही द्यायला लागल्यापासून.

पॅरिसचं घराणं असेल तर आशा बेताची ठेवा. मे १८७१ मध्ये कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोर सरकारच्या, अखेरच्या दिवसांत लागलेल्या आगींत १८६० पूर्वीच्या पॅरिसच्या दोन्ही प्रती जळाल्या. जेमतेम एक तृतीयांश नोंदी पुन्हा उभ्या करता आल्या. त्या काळासाठी नोटरीची दप्तरं, विशेषतः लग्नाचे करार, हाच मार्ग.

काही आडनावं दिसायला जवळची पण वेगळ्या मुळाची आहेत. ‘फाबियँ’ रोमन ‘फाबियानुस’पासून, लोहाराशी संबंध नाही. ‘फेरां’ ऐकून लोखंड आठवतं, पण जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पोलादी करड्या रंगाचा, म्हणजे केसांवरून पडलेलं नाव. ‘फेरिये’ मात्र लोहारच, फक्त लोखंडाच्या ‘फेरुम’ या शब्दावरून. कंपासपेटीतल्या पेन्सिलीवरचा ‘फेबर’ जर्मन. कास्पार फेबरने १७६१ मध्ये न्यूरेंबर्गजवळच्या श्टाइनला धंदा सुरू केला. आणि ‘लफेव्र घराण्याचं मानचिन्ह’ म्हणून चौकटीत घालून विकतात त्यावर पैसे घालवू नका. मानचिन्ह एखाद्या ठरावीक घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं.

राहिले परदेशी गेलेले. धर्मछळामुळे निघालेले ह्युगेनो (फ्रेंच प्रोटेस्टंट) लफेव्र न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू पॉल्ट्झ या वसाहतीच्या १६७७ च्या मूळ सनदधारकांत आहेत. त्यांचं पुढे ‘लफीव्हर’ झालं. मिसिसिपीतला अमेरिकन फुटबॉलपटू ब्रेट फाव्र स्वतःचं आडनाव ‘फार्व्ह’ उच्चारतो. क्युबेकमध्ये आडनावापुढे ‘दी’ लावून दुसरं नाव जोडायची चाल होती, आपल्या ‘उर्फ’सारखी. ‘लफेव्र दी बुलांजे’ म्हणजे लफेव्र उर्फ भटारी. अशा घराण्याची एक शाखा लफेव्र राहते, दुसरी बुलांजे होते आणि सरहद्द ओलांडून अमेरिकेत गेली की ‘बेकर’. माग तुटला की आधी हे उर्फ शोधा.

सर्वांत फसवा बदल न्यू इंग्लंडच्या गिरणीगावांकडचा. फेव्र म्हणजे लोहार हे तोवर खुद्द फ्रेंच बोलणारेही विसरले होते. कानाला ते ‘फेव्ह’ वाटलं, म्हणजे पावट्यासारखी एक शेंग, आणि इंग्रजीत भाषांतर करून काही कुटुंबांनी ‘बीन’ हे आडनाव घेतलं. तिथल्या जनगणनेत लफेव्र एकाएकी नाहीसा झाला, पण बायको-मुलांची नावं आणि वयं जुळतायत, तर बी-खालची पानं उघडा.